बिझनेस क्लासचं लाउंज आणि मामांची आंघोळ

बेळगावातनं परदेशी जायचं म्हणजे आधी दुसऱ्या गावाला जाऊन ताटकळायचं. सांबऱ्याची धावपट्टी १९४२ साली इंग्रजांच्या हवाई दलानं बांधली, २०१७ मध्ये नवं टर्मिनलही झालं, पण तिथनं विमान उडतं ते देशातल्या देशातच. ज्याला जर्मनी गाठायचीय त्यानं बेंगळूरला जावं, मुंबईला जावं, नाहीतर घाट उतरून गोव्यात मोपाला जावं. कुठंही गेलात तरी मधला वेळ काढणं आलंच. त्यामुळं एप्रिलात हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनाला जायचं ठरलं तेव्हा विमानापेक्षा मला काळजी लागली ती या मधल्या वेळेची. कारण बरोबर मामा होते.

उद्यमबागेत आमचं छोटं मशिन शॉप आहे. फौंड्रीतून ओतीव येतं, आम्ही हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी मशिनिंग करून देतो. मालक मामा, धावपळ माझी. मामांच्या कमरेचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, सलग बसायचं नाही. तास-दीड तासानं उठायचं, जमेल तेव्हा आडवं व्हायचं. बिझनेस क्लासचं तिकीट काढलं ते एवढ्यासाठी. नाहीतर आमच्या धंद्यातला माणूस एवढे पैसे विमानाच्या खुर्चीत घालायच्या आधी त्यात एखादं ड्रिलिंग मशिन येतं का ते बघतो. मामांनी बघितलंच.

मोपाहूनही कतारची विमानं आहेत आणि अंतरानं मोपा आम्हाला जवळ. पण चोर्ला घाटातली वळणं आणि खड्डे कमरेला सोसणारे नव्हेत. पहाटे निघणारी वंदे भारत दुपारी बेंगळूरला सोडते, तीही तशी सोयीची, पण तिच्यात एवढा वेळ बसणं आलं. शेवटी सांबरा, बेंगळूर, दोहा, फ्रँकफर्ट आणि तिथनं रेल्वेनं हॅनोव्हर असं ठरलं. सगळी विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर घेतली. वेगवेगळी तिकिटं काढली की देशातल्या विमानाला पंधरा किलोची मर्यादा लागते. आमच्या सँपलचं वजनच त्याच्या जवळपास जात होतं.

तिकीट काढताना एक गोष्ट कळली, ती आधी सांगतो. बिझनेस क्लास म्हटलं की लाउंज, म्हणजे विमानतळावरची आरामात बसायची-खायची वेगळी जागा, आलंच, असं आता राहिलेलं नाही. कतार एअरवेजनं २०२० पासून बिझनेसचेही प्रकार पाडलेत: लाइट, क्लासिक, कम्फर्ट, एलिट. यातल्या लाइटमध्ये विमानातला पलंग तोच, जेवण तेच, पण लाउंज नाही. एमिरेट्सनं त्याच्या आधीच, २०१९ मध्ये, ‘स्पेशल’ नावाचं स्वस्त बिझनेस तिकीट काढलं, त्यातही लाउंज वगळलेलं. नेटवर शोधताना सगळ्यात वर दिसतं ते हेच स्वस्तातलं, आणि एजंटही आधी तेच पुढं करतो, कारण गिऱ्हाईक आकडा बघतं. मी क्लासिक आणि लाइटमधला फरक विचारला. मामांच्या कमरेच्या हिशेबानं तो फरक भरायचा ठरवला. ज्याचं मधलं थांबणं दीड तासाचं आहे त्यानं खुशाल लाइट घ्यावं. लाउंजचा जिना चढेपर्यंतच बोर्डिंग लागतं.

दुसरा एक समज आमच्या शेजारच्या शॉपवाल्याचा होता. एकानं बिझनेसचं काढावं, दुसऱ्यानं इकॉनॉमीचं, आणि लाउंजमध्ये दोघांनी जावं. तसं होत नाही. बिझनेसचं तिकीट एकट्या माणसाला आत सोडतं. बरोबर पाहुणा नेता येतो तो त्या कंपनीचं गोल्ड किंवा त्यावरचं कार्ड असलेल्याला, म्हणजे सतत उडणाऱ्याला. आम्ही त्यातले नव्हे.

भेटवस्तू म्हणून मामींनी कुंद्याचे डबे भरून ठेवले होते. ते काढावे लागले. युरोपात बाहेरच्या देशातनं दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, आणि कुंदा म्हणजे दूधच की सगळं. त्याच्या जागी गोकाकचं करदंट घेतलं. सुकामेवा, डिंक, गूळ. जर्मनांच्या दातांचं काय व्हायचं ते होवो.

बेंगळूरला आम्ही संध्याकाळी उतरलो, टर्मिनल एकला. दोहाचं विमान पहाटेचं, टर्मिनल दोनहून. २०२३ च्या सप्टेंबरपासून बेंगळूरची सगळी आंतरराष्ट्रीय विमानं दोनहूनच जातात. दोन्ही टर्मिनलांमध्ये फुकट शटल बस आहे, तिची वाट फार बघावी लागली नाही. आणि इथं लाउंजचं पहिलं सत्य समोर आलं. ते आत आहे, इमिग्रेशन आणि सिक्युरिटीच्या पलीकडं. तिथं जायला बोर्डिंग पास लागतो, तो काउंटरवर मिळतो, आणि काउंटर उघडतो विमानाच्या तीन-चार तास आधी. म्हणजे संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंतचा जो खरा लांबलचक वेळ, त्यात बिझनेस क्लासच्या माणसालाही बाहेरच बसायचं. पुस्तिकेतल्या फोटोत गादीच्या खुर्चीत पाय पसरून बसलेला माणूस दिसतो. त्याच्या आधीचे सहा तास तो कुठं होता ते दाखवत नाहीत.

ते आम्हाला माहीत होतं, म्हणून त्या वेळाची सोय केली होती. विमानतळाजवळच्या एका साध्या लॉजवर तासांच्या हिशेबानं खोली घेतली, मामांना तिथं आडवं केलं. विमानतळापासून बेंगळूर शहर इतकं लांब आहे की तिकडं नातेवाइकांकडं जाऊन यायचा मोह टाळलेला बरा. रात्री परत टर्मिनल दोनवर. हे टर्मिनल बांबूचं आणि टांगलेल्या झाडांचं आहे, छतातनं वेली लोंबतात. मामांनी मान वर करून बघितलं आणि विचारलं, “ह्येला पाणी कोण घालतंय रे?” हा प्रश्न मलाही पडला, पण रांग पुढं सरकली.

बिझनेसचं काउंटर वेगळं, तिथं गर्दी नव्हती. बोर्डिंग पास देताना मुलीनं लाउंज कुठं आहे तेही सांगितलं. कतारचं स्वतःचं लाउंज बेंगळूरला नाही. परदेशी कंपन्या अशा ठिकाणी विमानतळावरच्या लाउंजशी करार करतात आणि आत जाणाऱ्या दर माणसामागं पैसे भरतात. त्यामुळं एकाच दालनात कतारचा, आणखी दोन-चार कंपन्यांचा आणि क्रेडिट कार्डावर आलेला, असे सगळे प्रवासी एकत्र बसतात. बेंगळूरचं लाउंज ‘०८०’ नावाचं आहे, शहराच्या जुन्या एसटीडी कोडवरून.

दारात स्वागतकक्षावर एक मुलगा होता. बोर्डिंग पास मशिनवर धरला, हिरवा दिवा लागला, संपलं. पण मामा असे कुठं सोडतात. त्याच्या छातीवरच्या नावाकडं बघून त्यांनी विचारलं, “यावूर्री?” म्हणजे गाव कुठलं? पोरगा एकदम इंग्रजीतनं कन्नडवर आला. सौंदत्तीचा निघाला. मग यल्लम्मा झाली, मलप्रभेचं धरण झालं, यंदाचा पाऊस झाला. पाठीमागं एक गोरं जोडपं शांतपणे उभं. आम्हा सीमाभागातल्या लोकांना मराठी-कन्नडवरून भांडायला एरवी पुरेसा वेळ असतो. घरापासून पाचशे किलोमीटरवर सौंदत्तीचा माणूस भेटला की तो आपला असतो. त्याचा फायदा असा झाला की त्यानं स्वतः येऊन कोपऱ्यातली एक लांब, पाठ टेकून पाय वर घेता येतील अशी बैठक दाखवली. एरवी ती आम्हाला सापडली नसती, कारण सगळे दारातून शिरले की जेवणाच्या बाजूलाच बसतात. लाउंजमध्ये शिरल्यावर आधी टोकापर्यंत चालत जावं. लांबचा कोपरा नेहमी मोकळा असतो.

मध्यरात्र उलटून गेली होती. जेवायला इडली, वडा, भात, भाज्या, एक-दोन मांसाहारी, पाश्चात्त्य थाटाचं थोडं, दहीभात आणि फिल्टर कॉफी. बार होता, तिथं बऱ्यापैकी वर्दळ होती. चव म्हणाल तर चांगल्या लग्नाच्या हॉलमधली, वाईट नाही आणि लक्षात राहण्यासारखीही नाही. पण प्रश्न चवीचा नव्हता. मामा आंघोळीशिवाय अन्नाला शिवत नाहीत. माळकरी माणूस. मी घड्याळ बघून म्हटलं, मामा, तारीख बदलली, आता काय करायचं? ते म्हणाले, “तारीख इंग्रजांची. सूर्य उगवला नाही तंवर कालचाच दिवस. वाढ दहीभात.”

इथं जेवून घेण्यामागं हिशेब होता. दोहाचं विमान साडेचार तासांचं. त्यात बसल्यावर जेवण मागवलं तर तास-दीड तास त्यात जातो, उतरायच्या आधी दिवे लागतात, झोपायला उरतं काय? ज्या सपाट पलंगासाठी एवढे पैसे दिले त्यावर झोपायचं असेल तर पोट खाली लाउंजमध्येच भरून घ्यावं. विमानात बसल्या बसल्या मी हवाई सुंदरीला सांगितलं, आम्हाला उठवू नका. कतारमध्ये बिझनेसवाल्याला हवं तेव्हा जेवण देतात, ठरलेली वेळ नसते, त्यामुळं ती हसून ‘बरं’ म्हणाली. मामा विमान उडायच्या आधी झोपले आणि दोहाला चाकं टेकल्यावर उठले. कंबर दुखली का विचारलं तर म्हणाले, “न्हाई रे, घरच्या गादीपेक्षा बरं हाय.”

दोहाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं, त्यामुळं तिथं सकाळ नुकतीच झालेली. उतरल्यावर ट्रान्झिटच्या, म्हणजे पुढचं विमान पकडणाऱ्या माणसांची पुन्हा एकदा सिक्युरिटी होते, पाण्याची बाटली काढून घेतात. वर आलं की समोर सात मीटर उंचीचं पिवळं अस्वल बसलंय, डोक्यातनं दिवा निघालेलं. उर्स फिशर नावाच्या स्विस कलाकारानं केलेलं. सगळा विमानतळ या अस्वलावरून पत्ता सांगतो, आणि कतारचं मूळचं बिझनेस लाउंज, अल मुरजान, त्याच्या जवळच वरच्या बाजूला आहे. उत्तरेला झाडांच्या बागेवर याच नावाचं आणखी एक नवं झालंय. आम्ही अस्वलाचंच धरलं, कारण चालणं कमी.

या लाउंजचा आकार दहा हजार चौरस मीटर. आकडा मी आधी वाचला होता, पण आत शिरल्यावर समजला. आमचं सगळं शॉप, शेजारची फौंड्री आणि मधली पार्किंगची जागा धरूनही ते उरेल. मधोमध उथळ पाण्याचा मोठा हौद, त्याच्या कडेनं वर जाणारा वळणदार जिना, वर जेवणघर. आवाज जवळजवळ नाही. शेकडो माणसं असतील, पण जागाच एवढी की ती विरघळून जातात. बेंगळूरच्या लाउंजमध्ये आपण रांगेतून सुटून आत आलोय असं वाटत होतं. इथं आलो तर विमानतळावर आहोत हेच विसरायला झालं. फरकाचं कारण सरळ आहे. हे त्या कंपनीचं स्वतःचं घर आहे, आणि तिचे बहुतेक प्रवासी दोहाला उतरत नाहीत, इथून पुढं जातात. थांबणं हाच तिचा धंदा, म्हणून थांबायच्या जागेवर तिनं खर्च केलाय.

आता सूर्य उगवला होता. मामांनी खाण्याकडं बघितलंही नाही. “न्हाणीघर कुठं?”

लाउंजमध्ये शॉवर असतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, माहीत असलं तरी संकोचानं कोणी विचारत नाही. रीत अशी. आत शिरल्या शिरल्या, बॅग ठेवायच्याही आधी, शॉवरच्या काउंटरवर नाव द्यायचं. सकाळी भारतातनं, आशियातनं आलेली सगळी विमानं एकदम उतरतात, त्यामुळं या वेळेला गर्दी असतेच. तिथल्या माणसानं बोर्डिंग पास बघितला, नंबर लिहून घेतला, बसा म्हणाला. नाव लवकर पुकारलं. स्वतंत्र खोली मिळते, आतून कडी, मोठा शॉवर, कमोड, आरसा, जाड टॉवेल, साबण, शाम्पू, केस वाळवायचं यंत्र. दात घासायचा ब्रश हवा असेल तर मागावा लागतो. मामांची एक अडचण मी आधीच ओळखली होती: बादली नाही, तांब्या नाही. गरम-गार पाण्याची चकती कशी फिरवायची ते मी दाखवलं आणि बाहेर थांबलो. आतनं बराच वेळ पाण्याचा आवाज, मग अभंग. दारापाशी उभा असलेला सफाई कामगार नेपाळचा होता. तो माझ्याकडं बघून हसला. आपल्याकडचाच आवाज आहे हे त्याला कळलं असावं.

मामा बाहेर आले ते कपाळाला गंध लावून, धुतलेला सदरा घालून. तेवढ्यासाठी हातातल्या बॅगेत एक जोड कपडे वर ठेवावेत. मोठी बॅग थेट फ्रँकफर्टला गेलेली असते, ती मधे मिळत नाही. मला विचाराल तर लाउंजमधली सगळ्यात किमती गोष्ट हीच. खाणं विमानातही मिळतं, बसायला गेटवरही खुर्ची असते. रात्रभर अंगावर राहिलेले कपडे बदलून, आंघोळ करून दुसरं विमान पकडायला मिळणं हे दुसरीकडं कुठं मिळत नाही.

नाष्ट्याला दोन जागा. खाली आपण उचलून घ्यायचं, वर टेबलावर बसलं की मागवायचंही. अरबी नाष्टा भरपूर: हमस, वाफवलेले घेवडे, पांढरं चीज, ऑलिव्ह, खजूर, वेलदोड्याच्या वासाची कॉफी. मामांनी गोल पातळ रोटी उलटीसुलटी करून बघितली, तव्यावरची नव्हे म्हणाले, पण हमसबरोबर दोन खाल्ल्या. शाकाहारी माणसाची अडचण होत नाही. फक्त कशात काय आहे ते विचारून घ्यावं, सांगायला माणसं तयार असतात, आणि त्यातली निम्मी केरळची.

मग आडवं व्हायचं. लाउंजमध्ये झोपण्यासाठी वेगळ्या शांत खोल्या आहेत, पण त्या सकाळी भरलेल्या होत्या. दारावरच्या बाईनं नम्रपणे नाही म्हटलं. मी मामांची फाइल दाखवली नाही, उगाच कशाला. हौदाच्या पलीकडं लांब आराम-खुर्च्यांची ओळ होती, तिथं जागा झाली. मामा पडले, मी चार्जिंगला फोन लावून हॅनोव्हरच्या भेटींची यादी काढली. दोन तास असे गेले की कळले नाहीत, आणि धोका इथंच आहे. लाउंजमध्ये विमानाची हाक देत नाहीत. ठिकठिकाणी पडदे आहेत, तेच बघायचे. गेट कधी बदलतं, कधी अस्वलापासून चांगलं वीस मिनिटं चालण्याच्या अंतरावर निघतं. कमरेचा माणूस बरोबर असला तर त्याहून जास्त. मी फोनवर गजर लावला होता, तो झाल्यावर निघालो आणि गेटवर वेळेत पोहोचलो. व्हीलचेअर मागवा असं मी दोनदा म्हटलं होतं. मामांनी माझ्याकडं असं बघितलं की तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

फ्रँकफर्टला उतरल्यावर लाउंज नाही. हे लोकांना चमत्कारिक वाटतं, पण लाउंज हे निघणाऱ्याचं आणि मधे थांबणाऱ्याचं. पोचलेल्याला ते बहुतेक ठिकाणी बंद. आम्ही सरळ विमानतळाला जोडलेल्या स्टेशनवर जाऊन रेल्वे पकडली.

प्रदर्शनाचं इथं लिहीत नाही. काम झालं. करदंट आवडलं, दातही शाबूत राहिले.

परतीला फ्रँकफर्टमध्ये पुन्हा दुसऱ्याचंच लाउंज, छोटं, खचाखच, बटाट्याचं सूप आणि ब्रेड. दोहाचा थाट मनात धरून तिथं गेलेला माणूस हिरमुसतो. तिकीट तेच, वर्ग तोच, तरी प्रत्येक गावी मिळणारं लाउंज वेगळं असतं. ज्या गावात त्या कंपनीचं घर आहे तिथंच तिची ऐट बघायला मिळते. म्हणून थांबण्याचा वेळ निवडता येत असेल तर तो त्या गावात जास्त ठेवावा. आम्ही परतताना दोहात मुद्दाम लांबचं कनेक्शन घेतलं होतं, आणि यावेळी मामांना शांत खोलीही मिळाली.

बेंगळूरला रात्री उतरलो, सांबऱ्याचं विमान सकाळी. आता देशातलं टर्मिनल, इकॉनॉमीची जागा, बिझनेसचा हक्क संपलेला. इथं कामाला येतं ते बँकेचं कार्ड. बऱ्याच रुपे कार्डांवर देशातल्या लाउंजचा ठरावीक कोटा असतो, दारात दोन रुपये कापून आत सोडतात. हल्ली काही बँकांनी अट घातलीय की मागच्या तिमाहीत अमुक एवढा खर्च झालेला हवा, म्हणून निघण्याआधी बँकेच्या ॲपवर बघून घ्यावं. माझं कार्ड चालणार होतं, मामांचंही. पण लाउंजच्या दाराबाहेर तीसेक माणसांची रांग, सगळ्यांच्या हातात कार्ड, आणि आतला माणूस बाहेर पडेल तेव्हा बाहेरचा एक आत.

मामांनी रांगेकडं बघितलं, मग समोरच्या कॉफीच्या गाड्यामागच्या रिकाम्या बाकाकडं.

“दोन रुपयाला एवढा वेळ उभं ऱ्हायचं? चल, तिथं बसू. आंघोळ घरी जाऊन करतो.”

कॉफी एकशे ऐंशी रुपयांना एक पडली. त्यांना मी किंमत सांगितली नाही.